दाट मोहल्ला, छोटी खोली आणि चालत जाण्याइतका समुद्र : दक्षिण मुंबईत राहणाऱ्या कुटुंबांसाठी

डोंगरी, भेंडी बाजार, नागपाडा, मदनपुरा. मुंबईतल्या मुस्लिम वस्तीचा विषय निघाला की ही नावं आधी येतात आणि त्यांच्यासोबत दाटी, गोंगाट, जुन्या इमारती आणि दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या खोल्याही. पण याच मोहल्ल्यांपासून चौपाटी, मोठी उद्यानं आणि मैदानं अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहेत, हे फारसं कुणी बोलत नाही. मुंब्रा किंवा मीरा रोडला मोठं घर घ्यायचं की इथेच राहायचं, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांसमोर आहे. तो हिशेब फक्त चौरस फुटांत मांडला, तर अर्धाच होतो.

हवेसाठी बांधलेला रस्ता

१८९६ मध्ये मांडवी भागातून प्लेगची साथ सुरू झाली आणि शहर हादरलं. कोंदट, दाट वस्ती हे साथीचं मोठं कारण मानलं गेलं. त्यानंतर १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. पश्चिमेकडची समुद्राची हवा वस्तीच्या आत खेळावी म्हणून ट्रस्टने दाट भागातून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामळदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे त्यातलेच. डोंगरीतून गिरगाव चौपाटीच्या दिशेने चालत जाताना आपण याच रस्त्याने जातो. म्हणजे मोहल्ल्याला समुद्राची हवा मिळायला हवी, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य झालं होतं. पण या कामात अनेक जुनी घरं पाडली गेली आणि गरीब भाडेकरूंना त्याची मोठी किंमत मोजावी लागली, हेही विसरता येत नाही.

जवळपास काय आहे?

*राणीबाग, भायखळा :* अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. नागपाडा, मदनपुऱ्यातल्या कुटुंबांसाठी सर्वात जवळची मोठी हिरवळ. प्राणिसंग्रहालय आणि पेंग्विन सगळ्यांना माहीत असतात, पण हे मुळात वनस्पती उद्यान आहे आणि इथली जुनी झाडं बघण्यासारखी आहेत. शेजारीच १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणी बुधवारी सुट्टी असते. बासी ईदला इथे प्रचंड गर्दी होते. लहान मुलं सोबत असतील तर सकाळीच गेलेलं बरं.

*जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, माझगाव :* भंडारवाडा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर ही बाग आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ. इथून बंदराचा पूर्व किनारा दिसतो. उमरखाडी, डोंगरीच्या लोकांना चौपाटीपेक्षा ही जवळ पडते.

*ऑगस्ट क्रांती मैदान :* ग्रँट रोडच्या पश्चिमेला. १९४२ ची 'भारत छोडो'ची हाक इथूनच दिली गेली. ही घोषणा सुचवण्याचं श्रेय त्या वर्षी मुंबईचे महापौर असलेल्या युसूफ मेहेरअलींना दिलं जातं. मुलांना इथे खेळायला नेलं, तर ही गोष्टही आवर्जून सांगा.

*गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह :* चर्नी रोड स्टेशनसमोरच. वाळूत खेळायला चौपाटी, तर वयस्कर मंडळींना बसायला मरीन ड्राइव्हचा कट्टा सोयीचा. रमजानमध्ये तरावीहनंतर इथे अनेक कुटुंबं दिसतात.

*हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क :* मलबार हिलवर, समोरासमोर. चढ असल्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील तर बस किंवा टॅक्सी करावी.

*नागपाड्याची मैदानं :* इथे बास्केटबॉलची फार जुनी परंपरा आहे. भारताचे माजी कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्याच्या कोर्टवर घडले. खेळायची जागा घराजवळ असली की काय होऊ शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

वेळ कशी जमवायची?

दाट वस्तीत बाहेर पडणं ठरवून करावं लागतं. पुरुष फजरनंतर फिरून येतात, पण घरातल्या बायका आणि मुली बहुतेक वेळा मागे राहतात. डबे, शाळा, पाणी भरणं यात सकाळ निघून जाते. त्यांच्यासाठी असर ते मगरिबची वेळ धरता येते. इमारतीतल्या चार-पाच जणींनी मिळून जायचं ठरवलं, तर घरच्यांची काळजी कमी होते आणि सवयही टिकते. ज्या घरात अभ्यासाला कोपरा नाही आणि पाय पसरायला जागा नाही, तिथे रोजचा तासभर मोकळेपणा ही चैन म्हणता येणार नाही.

समुद्राजवळ घ्यायची काळजी

- चौपाटीवर पोहू नका. पाणी स्वच्छ नसतं आणि पावसाळ्यात लाटांचा अंदाज येत नाही.
- पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी मुलांना कट्ट्यावर बसू देऊ नका.
- ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास किनाऱ्यावर जेलीफिश येतात. अनवाणी पाण्यात उतरू नका.
- हाजी अली दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. निघण्याआधी भरतीची वेळ बघा.

पुनर्विकासात मोकळ्या जागेचं काय?

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार परिसरातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जणांचा जीव गेला. त्यामुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास हवा की नको, हा वादच उरत नाही. तो हवाच. पण बैठकीत सगळी चर्चा कार्पेट एरिया आणि भाड्यावर होते. मोकळ्या जागेबद्दल कुणी विचारत नाही. सही करण्याआधी हे प्रश्न विचारा :

१. नकाशात मनोरंजनाची मोकळी जागा कुठे दाखवली आहे? जमिनीवर की पार्किंगच्या छतावर?

२. ती जुन्या रहिवाशांना वापरता येईल की फक्त विक्रीच्या इमारतीला? हे करारात लिहिलं आहे का?

३. दोन इमारतींमध्ये अंतर किती? खालच्या मजल्यांवर ऊन-वारा येईल का?

४. आसपासच्या कुठल्या भूखंडावर बाग किंवा मैदानाचं आरक्षण आहे? '२०३४ विकास आराखड्या'त ते बघता येतं. त्यासाठी महापालिकेकडून 'डीपी रिमार्क' काढता येतो.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबई त्यापासून फार दूर आहे आणि आपले मोहल्ले त्याहूनही. म्हणूनच आहे ती जागा सांभाळणं महत्त्वाचं. मैदानात गाड्या उभ्या राहू लागल्या, बागेचे दिवे बंद पडले, गेटला कुलूप लागलं, तर १९१६ या क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. भायखळा, नागपाडा, मदनपुऱ्यासाठी महापालिकेचा ई विभाग, तर डोंगरी, उमरखाडीसाठी बी विभाग आहे.

घर बदलायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. ज्यांना लांब जायचंय, त्यांनी तिथे मुलांना खेळायला मैदान आहे का, हे खोल्या मोजण्याआधी बघावं. आणि ज्यांना इथेच राहायचंय, त्यांनी चालत जाण्यासारखी चौपाटी, राणीबाग आणि मोहल्ल्याचं मैदान आपल्या घराच्या हिशेबात धरावं. ते वापरत राहिलो, तरच त्यावर हक्क सांगता येईल.