खंडणी: एका शब्दातली सत्ता

१/ ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेत ‘खंडणी विरोधी पथक’ आहे. मराठ्यांच्या दप्तरांत मात्र हाच शब्द राजसत्तेचा हक्क म्हणून भेटतो. मागणारा आणि देणारा यांच्या बोलण्यात सत्ता कशी वावरते, यावर आजचा धागा.

२/ जमीन ‘खंडाने’ देणे म्हणजे ठरलेल्या रकमेवर ती कसायला देणे. ‘खंडणी’तही ठरवून घेतलेल्या रकमेचाच भाव आहे. शब्दाला कराराचा वेश आहे. त्यामागची तलवार शब्दात दिसत नाही.

३/ जानेवारी १६६४, सुरत. मोगल अधिकारी इनायतखान आणि विरजी व्होरा, हाजी सैद बेग, हाजी कासिम हे धनिक व्यापारी यांनी समक्ष येऊन रक्कम ठरवावी, अन्यथा शहराची राख होईल, असा शिवाजी महाराजांचा निरोप होता. इनायतखान किल्ल्यात दडला. पुढे त्याने बोलणीसाठी धाडलेल्या दूताने महाराजांवरच शस्त्र उगारले. वाटाघाटीची भाषा दोन्ही बाजूंना शस्त्रासारखी वापरता येते, ती अशी.

४/ १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथ आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. कालपर्यंत फौजेच्या बळावर होणारी मागणी आता बादशाही कागदावरचा हक्क झाली. मोहोर उमटली की मागणीचे नाव बदलते.

५/ आणखी एक नाव पाहा: ‘घासदाणा’. घोड्यांच्या वैरणीसाठी म्हणून मराठी फौजा ही रक्कम वसूल करीत. काठेवाडात गायकवाडांची फौज ‘मुलूखगिरी’वर निघे. १८०७ मध्ये कर्नल वॉकरच्या मध्यस्थीने तिथल्या संस्थानिकांच्या रकमा कायमच्या ठरल्या. नाव वैरणीचे, धाक फौजेचा.

६/ विसाव्या शतकातल्या मुंबईत ही नामकरणकला टोळ्यांकडे आली. ‘पेटी’ म्हणजे लाख, ‘खोका’ म्हणजे कोटी, आणि ‘भाईने याद किया है’ म्हणजे धमकी. वाक्यात शिवी नाही, हत्यार नाही. पण बोलणाऱ्याला तुमचे घर, दुकान, मुलांची शाळा ठाऊक असते; तुम्हांला त्याचा केवळ आवाज ठाऊक असतो.

७/ २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३८३ नुसार खंडणीचा गाभा म्हणजे इजेची भीती घालणे हा होता. आदबशीर वाक्यातली भीती न्यायालयात सिद्ध कशी करायची? १९९९ च्या मकोकाने चोरून ऐकलेल्या दूरध्वनी संभाषणांना पुरावा म्हणून वाट करून दिली. ती कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली.

८/ इथे खरा पेच आहे. ध्वनिफितीत ‘जी भाई’ म्हणणारा माणूस साथीदार की भेदरलेला बळी? दोघांचे शब्द तेच असू शकतात. चित्रपटांना पैसा पुरवणारे भरत शहा २००३ मध्ये मकोकाच्या आरोपांतून सुटले. पण माहिती दडवल्याबद्दल दोषी ठरले. भीतीपोटी पाळलेले मौनही कायद्याला खटकू शकते.

९/ सप्टेंबर २०१७ मध्ये ठाण्याच्या याच पथकाने बांधकाम व्यावसायिकाकडून खंडणी उकळल्याच्या आरोपावरून इक्बाल कासकरला अटक केली. शहाड-कल्याणच्या आमच्या पट्ट्यात हा शब्द आता वर्तमानपत्रातूनच कानी पडतो. चौथाईची आठवण कुणाला होत नाही.

१०/ राज्याची खंडणी आणि टोळीची खंडणी एक नव्हे. पहिलीत तह होता, कागद होता, कधी संरक्षणाची हमी होती. दुसरीत यांपैकी काहीच नाही. पण एक गोष्ट समान आहे: पैशाला नाव देण्याचा अधिकार मागणाऱ्याकडेच राहिला. म्हणून दप्तरात ‘घासदाणा’ वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: देणारा आपल्या घरात याला काय म्हणत असेल?