लोखंडी चरक, गावचा सुतार आणि दूरचा कारखानदार

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केलेली पाहणी ही त्यांतील प्रमुख होय. पाणी, ऊस, पाणीपट्टी, खंड, कर्ज या सर्वांचा विचार अशा अभ्यासांतून होतो. तथापि, ऊस पिकविणाऱ्याने विकत घेतलेले यंत्र ऐन हंगामात बंद पडले तर ते पुन्हा चालू करून देण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः गुऱ्हाळाचे यशापयश पुष्कळदा याच प्रश्नावर अवलंबून असे.

लाकडी चरकाच्या काळी हा प्रश्न वेगळा असा उद्भवतच नव्हता. बाभळीच्या लाटा, लाकडाचेच दाते आणि बैलांची जोडी, एवढा तो कारभार. चरक घडविणारा सुतार गावातच राही. नांगर-कुळवाची दुरुस्ती त्याच्या बलुत्यात मोडे. चरकाच्या मोठ्या कामाचा मोबदला निराळा ठरला तरी काम बिघडल्यास त्याला तोंड चुकविता येत नसे, कारण पुढील खळ्यावर त्याची गाठ त्याच कुणब्याशी पडावयाची असे. विक्री आणि दुरुस्ती यांच्यात भेद नव्हता. हे चित्र फार रम्य मात्र समजू नये. लाकडी चरक रस कमी काढी, बैलांचा घाम अधिक काढी आणि लाटा लवकर झिजत. सुतार जवळ होता, पण त्याचे यंत्र दुबळे होते.

लोखंडी चरक आला तेव्हा ही स्थिती उलट झाली. यंत्र सबळ झाले आणि कारागीर दूर गेला. याचे कारण धातूतच होते. गावच्या लोहाराला घडीव लोखंड तापवून जोडता येते. ओतीव लोखंडाचे दातेरी चाक तडकले तर भात्यापुढे त्याचा इलाज नाही. नवे चाकच आणावे लागते आणि तेही त्याच साच्यातील. दुसरीकडे उसाला थांबता येत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखरेचा अंश घटतो, काढलेला रस काही तासांत काहिलीत गेला नाही तर आंबतो. चरक बंद म्हणजे चुलवण बंद, गुळव्या व मजूर बसून, आणि शेतात तोडलेल्या मोळ्या वाळत पडलेल्या. गोदावरी कालव्यावर कोपरगावच्या बाजूस सासवडकडील माळी बागाईतदार येऊन स्थायिक झाले. त्यांच्यातील अनेकांच्या जमिनी खंडाच्या होत्या. चरक फिरो वा न फिरो, खंड आणि पाणीपट्टी द्यावीच लागे.

या अडचणीवर बिहारात एक तोड निघाली होती. शहाबाद जिल्ह्यातील बिहिया येथे थॉमसन व मिल्न यांनी १८७० नंतरच्या दशकात लोखंडी लाटांचा चरक तयार केला, व तो शेतकऱ्यास हंगामापुरता भाड्याने देण्याची पद्धत पाडली. चरक कारखानदाराचाच राहिल्यामुळे तो चालू ठेवणे हे त्याच्याच हिताचे ठरे. बंद चरकाचे भाडे वसूल करणे कठीण. सिरमूर संस्थानातील नाहन फौंड्रीनेही चरक भाड्याने दिले. ग्राहकाचा संतोष हा येथे सौजन्याचा विषय नव्हता, हिशेबाचा होता.

महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विक्रीचाच मार्ग धरला. त्यांचा पहिला लोखंडी नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते असा समज त्या वेळी होता. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगरापाठोपाठ चरकही तेथून बाहेर पडू लागले. पहिल्या महायुद्धात परदेशी अवजारांची आवक रोडावली, तेव्हा इप्सविचच्या रॅन्सम कंपनीच्या नांगरापेक्षा देशी नांगराचा एक गुण शेतकऱ्याला सहज पटण्यासारखा होता: झिजलेल्या भागासाठी समुद्रापलीकडे पाहावे लागत नव्हते. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते कारखान्याची वार्ता गिऱ्हाईक व एजंट यांच्यापर्यंत नेण्यासाठी. १९२९ साली नुसते ‘किर्लोस्कर’ हे नाव धारण करणाऱ्या या विख्यात मासिकाचा उगम गिऱ्हाइकाशी संबंध राखण्याच्या गरजेत आहे, ही गोष्ट वाङ्मयाचे इतिहासकार ओझरती सांगून पुढे जातात.

अंतर मात्र मासिकाने कमी होत नव्हते. किर्लोस्करवाडीची लोहवाट मीटरमापी, तर नगर जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड मार्ग रुंदमापी. म्हणजे बेलापूर स्टेशनात उतरावयाच्या चाकाला पुण्यास गाडी बदलणे प्राप्त होते. अशा स्थितीत सुटे भाग हंगामापूर्वीच आणून ठेवणारा तालुक्याच्या गावचा एजंट हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा कारखानदार ठरे.

कायद्याचे साहाय्य तोकडे होते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाने, विक्रेत्याच्या माहितगारीवर विसंबून घेतलेला माल कामास योग्य असला पाहिजे असे गृहीत धरले. परंतु व्यापारी नावाने मागून घेतलेल्या मालास त्याच कलमात अपवादही ठेवला. अमक्याच छापाचा चरक द्या, असे म्हणणारा शेतकरी नेमका या अपवादात सापडे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेला माल वगळला. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी यंत्र घेणाऱ्याला त्यात निश्चित स्थान मिळाले ते १९९३ च्या दुरुस्तीने.

पुढे चरकाला तेलाचे इंजिन जोडले गेले आणि परावलंबन वाढले. बैल थकला तर शेजाऱ्याचा मागता येई. इंजिनाचा पंप वा नॉझल बिघडल्यास जाणता फिटरच हवा. दुसऱ्या महायुद्धात परदेशी इंजिनांच्या सुट्या भागांची टंचाई झाली. सातारा रोडचा कूपर कारखाना त्याआधीच इंजिने करीत होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये पुण्यास झाली.

त्यानंतर चारच वर्षांनी, ३१ डिसेंबर १९५० रोजी, लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या उद्योगाचे वर्णन सहसा भांडवल व सभासदत्व यांच्या भाषेत होते. परंतु चरकाच्या मालकाच्या दृष्टीने पाहता त्यात आणखी एक स्थित्यंतर होते. चाक तुटल्यावर एजंटाची वाट पाहणारा ऊसवाला आता यंत्रसामग्रीचा भागीदार झाला. कारखान्याच्या आवारातच लेथ, ओतकामाची माहिती असलेले कारागीर आणि पगारी फिटर आले, आणि पावसाळ्यात गाळप थांबले की गिरणीची प्रत्येक लाट उतरवून तपासण्याचे काम तेथेच होऊ लागले. दुरुस्ती करणारा पुन्हा हाकेच्या अंतरावर आला. मात्र तो आता बलुतेदार नव्हता, आणि त्याला हाक मारण्याचा अधिकार एकट्या सभासदाकडे न राहता संचालक मंडळाकडे गेला होता.