जनाची लाज आणि मनाची लाज

चुकलेल्या मुलास आपल्याकडील वडील माणसे एकच वाक्य ऐकवीत आली आहेत: "जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग." वाक्य लहान आहे, परंतु मनुष्यास दुष्कृत्यापासून परावृत्त करणाऱ्या दोन शक्ती त्यात नेमक्या सांगितल्या आहेत. तिसरी शक्ती म्हणजे कायदा. तिचा उच्चार त्यात नाही, कारण फौजदार दारात येण्यापूर्वीच प्रकरण मिटले पाहिजे, असे सांगणाऱ्यास वाटत असते. जन, मन आणि कायदा या तिहींचा मेळ असेल तर गाव सुखाने नांदते. तो मेळ तुटला म्हणजे पोलीस कितीही वाढवा, रात्री घराबाहेर पाऊल टाकण्याची छाती होत नाही.

हा विचार आमचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा शहरात, गणित आणि तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने नेमक्या याच त्रयीवर नगराचा कारभार चालवून पाहिला. अंतानास मोकुस हे त्याचे नाव. त्याने आपली म्हण ऐकली असण्याचा संभव नाही; पण कायदा, नीती आणि लोकरीत या तिहींची झालेली फारकत हेच आपल्या शहराच्या दुखण्याचे मूळ आहे, असे त्याचे निदान होते. ही हकीकत आपल्या वाचकांस बोधप्रद वाटेल, अशी आमची खात्री आहे.

प्रथम त्या शहराची पूर्वपीठिका पाहू. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरास रक्तपात नवा नव्हता. ९ एप्रिल १९४८ रोजी होर्हे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय पुढाऱ्याचा भर रस्त्यात खून झाला आणि संतप्त जमावाने शहराचा मध्यभाग जाळून टाकला. त्यानंतर देशभर जी यादवी माजली, तिला कोलंबियाचे लोक नुसते 'हिंसा' या नावानेच ओळखतात. तीत सुमारे दोन लाख माणसे मेली, असे मानले जाते. हेच गाइतान १९३६–३७ साली काही महिने बोगोटाचे महापौर होते. शहराच्या वाहनचालकांनी गणवेश घालावा असा आग्रह त्यांनी धरला, चालकांनी संप केला, आणि महापौरांस पद सोडावे लागले. लोकांचे वळण हुकुमाने बदलू पाहणाऱ्याची गत काय होते, याचा हा धडा त्या शहराच्या इतिहासात आधीच लिहिलेला होता.

पुढे अफूकोकेनच्या व्यापाऱ्यांनी देशाच्या सरकारशी उघड युद्ध मांडले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुइस कार्लोस गालान बोगोटाच्या वेशीवर मारले गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुप्त पोलिसांच्या कचेरीसमोर प्रचंड स्फोट झाला. १९९३ साली बोगोटात खुनांचे प्रमाण दर लाख वस्तीस सुमारे ८० होते. आपल्या देशात ते ३ च्या वर नाही, एवढे सांगितले म्हणजे त्या आकड्याची भीषणता ध्यानी येईल.

मग सर्वांनी गृहीत धरले की, मारणारे ते व्यापारी आणि त्यांचे भाडोत्री मारेकरी. नगरपालिकेने त्यात करावयाचे काय? या समजुतीस पहिला धक्का दिला तो काली शहराच्या महापौराने. रोद्रिगो गेरेरो हे व्यवसायाने वैद्य, साथीच्या रोगांच्या शास्त्राचे पंडित आणि एका विद्यापीठाचे माजी कुलगुरू. १९९२ साली महापौर होताच त्यांनी खुनाकडे पटकीकडे पाहावे तसे पाहिले: कोण मेला, कोठे, कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या हत्याराने? पोलीस, न्यायवैद्यक आणि नगरपालिका यांच्या नोंदी एकत्र बसून दर आठवड्यास ताडून पाहण्याचा त्यांनी प्रघात पाडला. तेव्हा असे आढळले की, बहुतेक खून पिस्तुलाने होतात. ते शनिवार-रविवारी, सुटीच्या दिवशी, रात्री होतात. आणि पुष्कळ मृतांच्या रक्तात मद्य सापडते. म्हणजे कटाने केलेल्या खुनांखेरीज गुत्त्यातल्या भांडणाचे खूनही फार होते. पगार हाती आलेला, पोटात दारू गेलेली आणि कमरेला पिस्तूल, एवढी सामग्री जमल्यावर शत्रुत्वाची निराळी गरज उरत नाही.

गेरेरोंनी उपाय केला तो निदानास धरून. पगारानंतरचे शनिवार-रविवार, सुट्या आणि निवडणुकीचे दिवस यांपुरती शस्त्र बाळगून हिंडण्यास बंदी केली. पुढे बोगोटानेही ती स्वीकारली. या बंदीचा अभ्यास २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंदीच्या दिवसांत, बंदी नसलेल्या तशाच दिवसांच्या मानाने, कालीत खुनांचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि बोगोटात १३ टक्क्यांनी कमी होते. चौदा टक्के हा आकडा काहींस क्षुल्लक वाटेल. ज्या घरचा मुलगा त्या रात्री जिवंत परतला, त्या घरास तो क्षुल्लक वाटावयाचा नाही.

आता मोकुस यांच्याकडे वळू. लिथुआनियाहून आलेल्या निर्वासित घराण्यात १९५२ साली त्यांचा जन्म झाला, आई शिल्पकार. फ्रान्समध्ये गणित शिकून आलेले हे गृहस्थ राष्ट्रीय विद्यापीठाचे कुलगुरू असता, १९९३ साली, सभागृहात गोंगाट करणाऱ्या विद्यार्थ्यांना शांत करण्यासाठी त्यांनी पाठ फिरवून चक्क विजार खाली केली! सभ्य वाचकांनी क्षमा करावी; इतिहासकारास गाळता येत नाही ते सांगितले. कुलगुरुपद गेले; परंतु ढोंग न करणारा एक मनुष्य आहे, अशी जनतेची समजूत झाली, आणि पुढील वर्षी कोणत्याही पक्षाच्या आधाराविना ते महापौर निवडून आले.

येथे एक खुलासा अवश्य आहे. मुंबई-पुण्याचा महापौर नगरसेवक निवडतात आणि खरी सत्ता सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती असते. बोगोटाचा महापौरही पूर्वी वरून नेमला जाई. १९८८ पासून तो थेट लोकांनी निवडलेला आणि कारभाराचा खरा धनी झाला. मोकुस यांच्या पूर्वीचे महापौर हाइमे कास्त्रो यांनी १९९३ च्या नव्या सनदेने नगरसभेचे आणि प्रशासनाचे अधिकार वेगळे करून शहराची तिजोरीही सावरली होती. नगरसेवकांना नोकऱ्या आणि खाती वाटून मते मिळविण्याची जुनी रीत मोकुस यांनी झिडकारली, ती या पायावर उभे राहून. विक्षिप्तपणाच्या कथा सांगताना हा पाया विसरू नये.

जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. रहदारीची शिस्त पार मोडली होती; वर्षास सुमारे १,३०० माणसे रस्त्यांवर मरत. महापौराने चौकाचौकांत चेहरे रंगवलेले मूकनट उभे केले. पादचाऱ्यांच्या पट्ट्यावर मोटार आणणाऱ्याची ते नक्कल करीत, त्याच्यापुढे हात जोडीत, आणि भोवतीचे लोक हसत. आरंभी ते वीस होते, पुढे चारशेंवर गेले. दंडाचे पैसे लाच देऊन चुकविता येतात. हसे चुकविता येत नाही. नागरिकांना सुमारे ३,५०,००० पत्ते वाटण्यात आले, त्यांच्या एका बाजूस वर केलेला अंगठा आणि दुसरीस खाली केलेला. कोणी नियम पाळला तर शाबासकीचा, मोडला तर निषेधाचा पत्ता दाखवावयाचा. हातघाईवर यावयाचे नाही. ज्या ठिकाणी पादचारी मेले तेथे रस्त्यावर तारे रंगविले. दहा वर्षांच्या आत रस्त्यावरील मृत्यू निम्म्यावर आले.

खुनांच्या बाबतीत कालीचे निदान त्यांनी उचलले. मद्यालये रात्री एक वाजता बंद करण्याचा नियम केला आणि त्यास नाव दिले 'गाजराची वेळ'. तिकडच्या बोलीत सोज्ज्वळ मनुष्यास गाजर म्हणतात. लोकांनी आपण होऊन शस्त्रे आणून द्यावी असे आवाहन केले आणि जमलेल्या लोखंडाचे लहान मुलांना भरविण्याचे चमचे ओतविले. 'हिंसेविरुद्ध लस' असा एक उपक्रम काढला. त्यात हजारो लोकांनी आपणांस दुखविणाऱ्याचा चेहरा फुग्यावर काढून तो फोडला आणि मनातील राग बोलून दाखविला. पुढे बंडखोरांच्या धमक्या आल्या तेव्हा या महापौराने चिलखत घातले खरे, पण हृदयाच्या जागी हृदयाच्याच आकाराचे भोक पाडून.

तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर आम्हांस यात नवल वाटत नाही. वर्ग शिक्षेच्या वहीने शांत राहत नाही, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते; मागच्या बाकावरील दांडग्याकडे बाकीची मुले ज्या क्षणी नापसंतीने वळून पाहतात, त्या क्षणी तो बसतो. शिक्षकाचे कसब ते वळून पाहणे घडवून आणण्यात आहे.

परंतु इतिहासाने स्तुतिपाठक होऊ नये. २००३ अखेर, मोकुस यांची दुसरी कारकीर्द संपली तेव्हा, खुनांचे प्रमाण लाखास सुमारे २३ वर उतरले होते. हे सारे श्रेय त्यांचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. घट १९९४ मध्येच, त्यांच्या पूर्वी, सुरू झाली होती. कोकेनच्या मोठ्या टोळ्या त्याच वर्षांत मोडल्या गेल्या. राष्ट्रीय पोलिसांत सुधारणा झाली. मधल्या तीन वर्षांत एन्रिके पेन्यालोसा यांनी उद्याने, ग्रंथालये आणि जलद बसगाडीचे मार्ग बांधले. शिवाय १९९७ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या मोहाने मोकुस यांनी मुदत अर्धवट सोडली, हा दोष त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे. पुन्हा उभे राहताना त्यांनी लोकांची जाहीर क्षमा मागितली, एवढे त्यांच्या बाजूने. मूकनटांनी किती खून टळले, हे कोणासही तोलून दाखविता यावयाचे नाही.

तरीही एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे. २००२ च्या सुमारास या महापौराने नागरिकांस विनंती केली की, ज्यांस शक्य असेल त्यांनी कर दहा टक्के अधिक भरावा. सक्ती नव्हती, बक्षीस नव्हते. ६३,००० कुटुंबांनी तो भरला. दहा वर्षांपूर्वी ज्या शहरात शेजाऱ्यावर विश्वास उरला नव्हता, तेथील ही गोष्ट आहे. हे शहर आपले आहे, असे त्यांस वाटू लागले होते.

आणि म्हणून हा प्रश्न आपल्या दारीही येतो. आपल्या नगरांत खुनांचे प्रमाण बोगोटासारखे नाही, याचे समाधान मानून सुशिक्षित कुटुंबे स्वस्थ बसतात. कोपऱ्यावर मुले वर्दळीस येतात तेव्हा आपण खिडकी लावून घेतो. नगरसेवकाकडे नळाचे पाणी मागावयास जातो, रात्री वस्तीत शांतता कशी राहील हे विचारावयास जात नाही. तो पोलिसांचा विषय, असे आपण म्हणतो. गेरेरो आणि मोकुस या दोन कुलगुरूंनी दाखविले ते एवढेच की, खून होण्यापूर्वीचा सारा काळ नगराचा असतो. पोलिसांचा काळ त्यानंतर सुरू होतो. त्या आधीच्या काळात नोंद ठेवणे, बोलणे, हसणे आणि नापसंती दाखविणे ही कामे अध्यापक, वैद्य, गृहिणी, दुकानदार यांची आहेत. ती केली नाहीत तर मनाची लाज घरात आणि जनाची लाज म्हणीत राहील, आणि रस्त्यावर काठी तेवढी उरेल.