वाऱ्याचे शहर आणि जपानी रॉकची भाषा

स्मरणरंजन हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा दूषण म्हणूनच येतो. वर्तमानाकडे पाठ फिरवून गतकाळाच्या गोड आठवणींत रमणारे लेखन, असा त्याचा रूढ अर्थ. जपानी भाषेत याच भावनेसाठी ‘नात्सुकाशी’ असे विशेषण आहे आणि त्याचे मूळ ‘लळा लागणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणजे दुराव्यापेक्षा जवळीक तेथे अधिक महत्त्वाची. १९७०च्या दशकाच्या आरंभीच्या स्मरणशील जपानी रॉकगीतांचा विचार करताना हा अर्थभेद ध्यानात ठेवावा लागतो. येथे आम्ही ‘हाप्पी एन्डो’ या एकाच बँडपुरते बोलणार आहोत. हरवलेल्या शहराचा प्रश्न आणि गीताच्या भाषेचा प्रश्न हे त्याच्या गीतांत वेगळे राहत नाहीत, असे आम्हांला वाटते.

हारुओमी होसोनो, एइची ओताकी, शिगेरू सुझुकी आणि ताकाशी मात्सुमोतो हे या बँडचे चार सदस्य. १९७० साली त्यांचा पहिला अल्बम आला, १९७१च्या नोव्हेंबरात ‘काझेमाची रोमान’ हा दुसरा आणि १९७३ साली तिसरा. तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९७२च्या अखेरीस, बँड विसर्जित झाला होता. बहुतेक गीते मात्सुमोतोने लिहिली. तो बँडचा ड्रमवादकही होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

त्या काळी जपानी रॉकमध्ये एक वाद पेटला होता. रॉक जपानी भाषेत गाता येईल काय? १९७१च्या मे महिन्यात ‘न्यू म्युझिक मॅगझिन’ या मासिकाने यावर परिसंवाद घडवून आणला. यूया उचिदा यांची भूमिका अशी, की जपानी शब्द रॉकच्या तालावर नीट बसत नाहीत आणि जगापुढे जायचे तर इंग्रजीला पर्याय नाही. समोरच्या बाजूला मात्सुमोतो आणि ओताकी होते. १९६०च्या दशकात ‘ग्रुप साउंड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बँडनी जपानीत पुष्कळ गाणी गायिली होती. परंतु त्यांतील बरीचशी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी बेतून दिलेली होती. आपली गीते आपणच रचणाऱ्या बँडची भाषा कोणती असावी, हा प्रश्न नवा होता. खुद्द होसोनो आणि मात्सुमोतो १९६९ साली ‘एप्रिल फूल’ या बँडमध्ये होते आणि त्या बँडची बहुतेक गीते इंग्रजीत होती. म्हणजे जपानीकडे ते हट्टाने नव्हे, इंग्रजी अजमावून मग वळले होते.

उचिदा यांचा आक्षेप निराधार नव्हता. इंग्रजीची लय आघातावर उभी असते, तर जपानीची मात्रांवर. मात्रावृत्तांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जपानी भाषेत जवळजवळ प्रत्येक मात्रा सारख्या कालावधीची असते आणि एकेका शब्दाला अनेक मात्रा लागतात. त्यामुळे इंग्रजीच्या आघातांवर बेतलेल्या चालीत फारच थोडा आशय मावतो. हाप्पी एन्डोने यावर काढलेला तोडगा छंदशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. शब्द मध्येच तोडायचा, त्याचा उरलेला भाग पुढच्या आवर्तनात टाकायचा, स्वर लांबवायचा आणि अर्थाला थांबून यायला लावायचे. पहिल्या अल्बममधील ‘हारू यो कोइ’ या गीतात घरापासून दूर, एकटाच नववर्षाचा दिवस काढणारा तरुण घरच्या सणाची आठवण काढतो. ओताकीच्या गायनात शब्द असे अडखळत येतात, की आठवण आणि एकटेपणा यांतील अंतरच जणू ऐकू यावे.

आता शहराविषयी. मात्सुमोतोचा जन्म १९४९ साली तोक्योच्या आओयामा भागातला. १९६४च्या ऑलिंपिकसाठी तोक्यो उकरले गेले. रस्ते रुंद झाले, कालव्यांवर आणि नद्यांवर द्रुतगती मार्ग चढले. त्या रस्तारुंदीकरणात मात्सुमोतोचे घरही गेले. तेव्हा तो १५ वर्षांचा होता. १९६७ ते १९७२ या काळात शहरातील ट्रामचे बहुतेक मार्गही बंद झाले. ‘काझेमाची रोमान’ आला तेव्हा मात्सुमोतो अवघ्या २२ वर्षांचा होता. म्हातारपणी काढलेली ही आठवण नव्हे. ज्याचे बालपण सात वर्षांपूर्वीच नकाशावरून पुसले गेले, अशा तरुणाची ती साक्ष आहे.

‘काझेमाची’ म्हणजे वाऱ्याचे शहर. आओयामा, शिबुया आणि आझाबू या तीन भागांना जोडणारा त्रिकोण मात्सुमोतोने मनाशी आखला आणि त्याला हे नाव दिले. अल्बमच्या आतल्या बाजूस ट्रामचे चित्र आहे. ‘काझे ओ आत्सुमेते’ या गीतातही धुक्यातून ट्राम दिसते. ती पाहणारा मात्र तक्रार करत नाही, कुणाला दोषही देत नाही. त्याची वाक्ये चक्क आदरार्थी, सभ्य क्रियापदांत संपतात. ‘नात्सु नान्देसु’ या होसोनोने गायिलेल्या गीताच्या तर शीर्षकातच असे क्रियापद आहे. पत्रात किंवा शाळकरी निबंधात शोभणारी ही भाषा रॉकमध्ये कुणाला अपेक्षित नव्हती. पण हरवलेल्या वस्तूविषयी अनोळखी माणसाशी बोलताना माणूस असाच जपून बोलतो. इंग्रजीत हे सूक्ष्म अंतर दाखविणारी क्रियापदेच नाहीत. तेव्हा भाषेच्या वादाचे खरे उत्तर परिसंवादात नव्हे, या क्रियापदांत मिळाले, असे म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. हे शहर जिने मोडले ती आधुनिकता आणि ज्या रॉकच्या साच्यात त्याचे स्मरण केले तो साचा, यांचे नाते फार दूरचे नाही. या पिढीच्या कानांवर अमेरिकी संगीत पडले ते पुष्कळदा अमेरिकी लष्कराच्या रेडिओवरून. ऑलिंपिक ग्राम वसले ते ‘वॉशिंग्टन हाइट्स’ या अमेरिकी लष्करी वसाहतीच्या जागेवर. मग हे स्मरण निर्मळ कसे मानायचे? आमच्या मते ही गुंतागुंत बँडला ठाऊक होती. त्याचे नावच पाहा. परकीय शब्द काताकाना लिपीत लिहिण्याची जपानी प्रथा मोडून ‘हॅपी एंड’ हे इंग्रजी शब्द त्यांनी घरगुती हिरागानात लिहिले. उलट उचिदा यांच्या ‘फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड’चा १९७१चा अल्बम इंग्रजीत, पण त्याचे नाव ‘सातोरी’. उसने आणि आपले यांची सरमिसळ दोन्ही पक्षांत होती. हाप्पी एन्डोचा तिसरा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि त्यातील शेवटच्या गीतात अमेरिका आणि जपान या दोघांनाही निरोप दिलेला आहे.

पुढे ओताकीचा ‘अ लाँग व्हेकेशन’ १९८१ साली आला, त्याचीही बहुतेक गीते मात्सुमोतोचीच. तोवर या सुरांतील हुरहुर बाजारपेठेत स्थिरावली होती. ‘काझे ओ आत्सुमेते’ २००३ साली ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या चित्रपटातून जगभर पोहोचले, तेही जपानीतच. इंग्रजीवाचून जगाची दारे उघडत नाहीत हे अनुमान येथे तरी टिकले नाही. २००७ साली ‘रोलिंग स्टोन’च्या जपानी आवृत्तीने ‘काझेमाची रोमान’ला जपानी रॉक अल्बमांत पहिले स्थान दिले. ओताकी २०१३ साली निवर्तला. तोक्योत दुसऱ्यांदा उन्हाळी ऑलिंपिक झाले ते २०२१ साली, ‘काझेमाची रोमान’च्या पन्नासाव्या वर्षी.

स्मरणरंजन पलायनवादी ठरते ते भूतकाळ आयता, गुळगुळीत करून मांडला जातो तेव्हा. येथे तो मात्रा मोजून, शब्द तोडून, क्रियापद निवडून घडवावा लागला. नाहीशा झालेल्या रस्त्यांना निदान भाषेत जागा मिळावी म्हणून केलेल्या या खटपटीला पलायन म्हणण्यास आम्ही तयार नाही.