सरकी कुणाची?

कापसाचा इतिहास लिहिणारे बहुतेक रुईचाच इतिहास लिहितात. मी कारंजा लाडच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होतो. क्विंटलभर कापूस मशीनवर चढवला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते आणि उरते ती जवळजवळ सगळी सरकी. जग ज्या मालासाठी वऱ्हाडात आलं तो वजनानं जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे दोन हिस्से कुणाच्या घरी राहिले आणि कधी घराबाहेर गेले, हे पाहिलं की या प्रदेशाचं काय झालं ते मला जास्त स्पष्ट दिसतं.

जागतिकीकरण १९९१ साली आलं असं म्हणतात. वऱ्हाडात ते त्याच्या शे-सव्वाशे वर्षं आधीच येऊन बसलं होतं. त्याही आधी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. मुंबईकडे मोठा माल पहिल्यांदा नेला तो विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी, १८२५-२६ च्या सुमारास. पुढे त्यांनी घाटातल्या गाडीवाटा सुधारल्या आणि खामगावात गाठी दाबायचे दाबे बसवले. तेव्हा घरोघरी लाकडी चरकीवर कापसातून सरकी वेगळी करत. रुई व्यापाऱ्याची, सरकी घराची. त्यातली निवडक बियाण्याला ठेवायची, बाकीची गाईम्हशींच्या टोपल्यात.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, तो अडला. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला असं सांगतात. त्या पैशावर बँका आणि बॅकबेच्या भरावाचे शेअर फुगले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदसकट भलेभले आडवे झाले. ही गोष्ट मुंबईच्या इतिहासात नेहमी येते. वऱ्हाडाची पुढची गोष्ट कमी येते. मुंबईतला फुगा फुटला तरी इथला पेरा मागे फिरला नाही. रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा टाकला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसासाठी सरकारनं रिव्हेट-कार्नॅक नावाचा स्वतंत्र आयुक्तच नेमला.

आमच्या कारंज्याला लोक येतात ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. बाजार पाहायला कुणी येत नाही. पण देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून नाव घेतात ते कारंज्याचंच. १८८६ मध्ये हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकमानं ती सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडभरासाठी बाजाराचा कायदा झाला. वजन-मापात लबाडी होऊ नये ही त्यातली चांगली बाजू, आणि ती मी नाकारत नाही. पण मूळ काळजी होती ती मँचेस्टरला स्वच्छ, बिनभेसळीची रुई वेळेवर मिळण्याची. ज्या आवारात मी पावत्या फाडल्या त्याचा पाया त्या काळजीवर उभा आहे.

मग वाफेवरचे जिन आले आणि सरकी घराबाहेर पडली. कास्तकार गाडीभर कापूस विकून मोकळा व्हायचा, आणि पेरणीच्या वेळी त्याच जिनमधून बियाणं विकत आणायचा. जिनच्या ढिगात दहा गावची सरकी एक झालेली असे. हिंगणघाटची ‘बनी’ लांब, रेशमासारख्या धाग्याची म्हणून विलायतेत नावाजलेली. तिच्या जागी ‘जरी’ पसरली. जरीचा धागा आखूड आणि राठ, पण ती लवकर यायची आणि जास्त पिकायची. शिवाय गिऱ्हाईकही बदललं होतं. १८९३ मध्ये मुंबई-कोबे आगबोटी सुरू झाल्या आणि जपानच्या गिरण्यांना हाच स्वस्त, आखूड धागा चालत होता. रॅली, फोल्कार्ट या युरोपी कंपन्यांच्या पाठोपाठ तोयो मेनका, गोशो या जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडात फिरू लागले. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमच्या गावावरून जाणारी शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली. तिचं जुनं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. इंजिन मँचेस्टरहून येत होतं आणि गाठी कोबेला चालल्या होत्या.

या सगळ्यात मागे सरली ती ज्वारी. ज्वारी म्हणजे भाकरी आणि कडबा, माणूस आणि बैल दोघांचंही पोट. १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वेनं धान्य येत होतं, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हाती मजुरी नव्हती. पैसे देणारं पीक आणि पोट भरणारं पीक यांच्यातला फरक वऱ्हाडाला तेव्हा कळला.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. गाडी आली की मी मधल्या थरातून बोंडाची एक पाकळी काढायचो. सरकी दाताखाली धरायची. कट्‌ करून फुटली तर माल वाळलेला, दबली तर ओला. मग अंगठा आणि तर्जनीत रुई धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची. पाच-सहा वेळा केलं की तंतू समांतर होतात आणि धाग्याची लांबी नखाशी मोजता येते. समोर कास्तकार माझ्या तोंडाकडे पाहत उभा. त्याला भाव सांगायचो तो खंडीच्या हिशेबानं उतरलेला. रुईची खंडी अजूनही ३५६ किलोची, म्हणजे ७८४ पौंडांची. एक म्हातारे कास्तकार मला म्हणाले होते, “मुनीमजी, तुमी दातानं तपासता हे दिसते. भाव कोन तपासते ते दिसत नाई.”

मधल्या काळात त्या न दिसणाऱ्या भावाला एक दार बसवलं होतं. १९७२-७३ पासून राज्यात कापूस एकाधिकार योजना आली. सरकारशिवाय कुणी खरेदी करायची नाही. चुकारे थकायचे, प्रतवारीवरून भांडणं व्हायची, आणि बाहेर भाव चढले की शरद जोशींसारखे शेतकरी नेते विचारायचे की आमचा माल आम्ही राज्याबाहेर का न्यायचा नाही. प्रश्न रास्त होता. पण बाहेरचे भाव पडले तेव्हा त्या दाराची किंमत कळली. १९९५ मध्ये पौंडाला डॉलरच्या वर गेलेली रुई २००१ च्या अखेरीस चाळीस सेंटच्याही खाली आली. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान देत होती. त्याविरुद्ध ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड यांनीही २००३ मध्ये तिथे गाऱ्हाणं मांडलं. माली कुठे आहे हे आमच्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथला कास्तकार आणि आमचा एकाच भावात मरत होते. नेमकी त्याच सुमारास एकाधिकार योजना मोडीत निघाली.

आणि २००२ च्या मार्चमध्ये जनुक बदललेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. संकरित बियाणं १९७० च्या एच-४ पासून होतंच, पण देशी वाणही शेतात टिकून होते. बीटी आल्यावर दहा-बारा वर्षांत ते जवळपास पुसले गेले. ४५० ग्रॅमची पिशवी सुरुवातीला सोळाशे रुपयांच्या घरात, आणि त्यात मोठा वाटा तंत्राच्या रॉयल्टीचा. २००६ मध्ये सरकारांनी हात घातला तेव्हा किंमत उतरली. सुरुवातीला फवारे कमी झाले, पीक वाढलं, हेही मी वजनकाट्यावर पाहिलं आहे. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही दाद दिली नाही, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

अजूनही पहिल्या वेचणीला बाया शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. पूजा त्याच पऱ्हाटीची, पण ती आता संकरित, तिची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसं पीक येत नाही. मँचेस्टरनं आणि कोबेनं वऱ्हाडातून रुई विकत नेली. नव्या जगानं वऱ्हाडाला बी विकलं. आधी फक्त विक्रीचा भाव परक्याच्या हाती होता, आता पेरणीचा खर्चही गेला. १८६५ मध्ये भाव कोसळला तेव्हा पुढच्या हंगामासाठी कास्तकाराला कुणाच्या दुकानात जावं लागलं नव्हतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं, पुढे सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. कापड निर्यातदारांना अमेरिकेच्या वाढीव करातून सावरायला ते हवं होतं. वेचणीच्या तोंडावर आमच्या बाजाराला ते महागात पडलं. असे निर्णय पुढेही होत राहतील, आणि ते कारंज्यात होणार नाहीत. बियाण्याचा निर्णय मात्र इथे होऊ शकतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्याकडे सरळ वाण आहेत, घरी राखून पुन्हा पेरता येतील असे. भाववाढीच्या घोषणेला जेवढा पैसा लागतो त्याच्या एका हिश्शात ते बी गावोगाव पोचवता येईल. हमीभाव मागा, जरूर मागा. पण त्याच निवेदनात सरकीही मागा.