झेन गेलं, लिबव्हर्ट राहिलं

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात एकीकडे मुठा खोऱ्यातली भातखाचरं आणि दुसरीकडे हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क. हिंजवडीतल्या इंजिनिअरांना एका सर्व्हरवर दहा-वीस व्हर्च्युअल मशिन्स चालवण्याचं अप्रूप राहिलेलं नाही. लिनक्सवर ती चालू-बंद करणाऱ्या साधनांच्या तळाशी बऱ्याचदा लिबव्हर्ट ही मुक्तस्रोत लायब्ररी असते.

एका यंत्रात अनेक यंत्रं हा आयबीएमचा जुना उद्योग. १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आलं तेही आधीच्या प्रयोगांच्या जोरावर. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरांवर मात्र हे सरळपणे जमेना. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून वाट काढली. केंब्रिज विद्यापीठातल्या झेन या हायपरवायझरने, म्हणजे एका यंत्रावर अनेक मशिन्स चालवणाऱ्या थराने, २००३ मध्ये पाहुण्या सिस्टिमच्या कर्नलमध्येच फेरफार करून घेतले.

लिबव्हर्ट जन्मलं ते या झेनसाठी. रेड हॅटमधल्या दानिएल वेयार यांनी २००५च्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती काढली. लिबएक्सएमएल२ ही प्रसिद्ध लायब्ररीही त्यांचीच. त्यामुळे लिबव्हर्टमध्ये प्रत्येक मशीनची कुंडली एक्सएमएलमध्ये असते, याचं फारसं नवल वाटत नाही: मेमरी किती, प्रोसेसर किती, डिस्कची फाइल कुठे, नेटवर्क कार्डाचा पत्ता काय.

झेनचं रक्त भाषेतही उतरलं. मशीनला इथे ‘डोमेन’ म्हणतात, कारण झेन तसं म्हणायचं. लिबव्हर्टच्या कमांड लाइनवरची ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ ही आज्ञा पाहून नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण तिने डिस्कवरचं काहीच पुसलं जात नाही. चालू मशीनचा प्लग ओढावा तसं होतं, डिस्क जागच्या जागी. इतक्या साध्या कामाला इतकं भयंकर नाव!

मग लिनक्स कर्नललाच हायपरवायझर बनवणारं केव्हीएम आलं. इस्रायलच्या क्युम्रानेटमध्ये तयार झालेलं हे काम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नल २.६.२० मध्ये दाखल झालं. तोवर इंटेल आणि एएमडीने व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली होती. २००८ मध्ये रेड हॅटने क्युम्रानेट विकत घेतली, आणि २०१० मध्ये आलेल्या आपल्या आरएचईएल ६ या लिनक्समधून झेनचा हायपरवायझर वगळला. ज्यांनी थेट झेनच्या आज्ञांवर स्क्रिप्ट रचल्या होत्या, त्यांना त्या नव्याने लिहिणं भाग होतं. लिबव्हर्टवाल्यांचं बरंचसं निभावलं: जोडणीचा पत्ता बदला, एक्सएमएलमधल्या काही ओळी बदला. डिस्कची नावं नि ड्रायव्हर निस्तरावे लागले, ती कटकट वेगळी. माझ्या मते लिबव्हर्टची खरी कमाई हीच. ज्याच्यासाठी जन्मलं त्याच्याशीच ते बांधून राहिलं नाही.

पुण्यात रेड हॅटचं इंजिनिअरिंग कार्यालय मगरपट्ट्यात आहे आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात रेड हॅट पुरस्कृत फेडोरा लिनक्सची परिषदही भरली होती. लिबव्हर्ट वाढवणाऱ्या जगाशी या शहराचं नातं असं जुनं आहे.

क्लाउड उभारणाऱ्या ओपनस्टॅकनेही केव्हीएमसाठी लिबव्हर्टच धरलं. आता कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसवर मशिन्स चालवणारं कुबव्हर्ट आहे. वापरणारा यॅमल लिहितो. पॉडच्या, म्हणजे कुबरनेटीसच्या कंटेनर-गटाच्या, आत बसलेलं लिबव्हर्ट त्यावरून बनवलेलं एक्सएमएल वाचतं, आणि मशीनला अजूनही डोमेनच म्हणतं.