ओस पडलेली पेठ आणि तिचा कारभारी



पेठेत एक दुकान बंद पडले तर आपण म्हणतो, त्या दुकानदाराचे काही जमले नाही. लागोपाठ दहा दुकानांना कुलपे दिसली, की म्हणतो, गावाचे दिवस फिरले. पहिल्या उद्गारात दोष माणसाचा, दुसऱ्यात दैवाचा. या दोहोंच्या मधे तिसरे काही कारण असू शकते काय, हा आजचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी मी आपल्याला अमेरिकेतील लहान गावांत घेऊन जाणार आहे, कारण तेथे पेठा ओस पडल्या त्या शेकड्यांनी, आणि त्या सावरण्याचे प्रयत्नही फसले-साधले ते डोळ्यांदेखत.

अमेरिकेतील लहान गावाच्या मुख्य रस्त्याला बहुधा ‘मेन स्ट्रीट’ म्हणतात. दोन-तीन मजली विटांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. तळमजल्यावर कापड, लोखंडी सामान, औषधे यांची दुकाने. माडीवर वकील आणि दंतवैद्य. कोपऱ्यावर बँक, जवळच नाटकगृह किंवा सिनेमागृह. शनिवारी आसपासचा शेतकरी गावात यायचा तो केवळ खरेदीला नव्हे. भेटीगाठी, बातम्या, देणीघेणी सारे त्याच रस्त्यावर उरकायचे. आपला बाजाराचा दिवस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मला अधिक वर्णन करायला नको.

ही घडी विसकटली कशी? मोटार आली आणि लोक गावाबाहेर राहायला गेले, हे तर खरेच. परंतु त्या ओघाला उतार करून दिला तो कायद्यांनी. १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतींचा घसारा लवकर वजा करण्याची मुभा दिली. साहजिकच जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा गावाबाहेरच्या माळावर नवी बांधणे भांडवलदाराला परवडू लागले. १९५६ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा संमत केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिनियापोलिसजवळ एडिना येथे साउथडेल ही छपराखालची पहिली मोठी बाजारपेठ उघडली. तिचा शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन हा १९३८ साली नाझींच्या तडाख्यातून निसटून आलेला व्हिएन्नाचा माणूस. व्हिएन्नातील चौकांसारखी माणसांनी गजबजलेली जागा या मोटारींच्या देशात निर्माण करावी, ही त्याची तळमळ. प्रत्यक्षात त्याच्या नमुन्यावर उठलेल्या मॉलांनी गावोगावचे जिवंत चौक रिकामे केले! उतारवयात तो व्हिएन्नाला परतला, आणि आपल्या या अपत्याशी त्याने संबंध नाकारला.

पहिले उपाय झाले ते मात्र रोगाहून कडक. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये जुनी वस्ती पाडण्याच्या निव्वळ खर्चाचा दोन तृतीयांश भार केंद्र सरकार उचलत असे. या पैशावर कित्येक गावांनी आपल्या पेठेचे लचके तोडले, आणि त्या जागी मोटारी उभ्या करण्याची पटांगणे केली. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा झाली. पण ज्यासाठी गाडी लावायची तेच उरले नाही. काहींनी जुन्या दर्शनी भागावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून पेठेला नवेपण आणू पाहिले. मिशिगनमधील कॅलमॅझू गावाने १९५९ साली मुख्य रस्ता वाहनांना बंद करून केवळ पादचाऱ्यांसाठी राखला. त्याचे अनुकरण सुमारे दोनशे गावांनी केले, आणि पुढे त्यांतील बहुतेकांनी तो रस्ता वाहनांना परत खुला केला. खुद्द कॅलमॅझूने १९९८ साली त्यातला काही भाग मोकळा केला.

निराळी वाट प्रथम दिसली ती न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या काचकारखान्याच्या गावी. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पूर आला आणि गावाची दैना झाली. पूर ओसरल्यावर १९७४ साली मार्केट स्ट्रीट या पेठेसाठी एक लहानसे कार्यालय निघाले आणि नॉर्मन मिन्ट्झ हे त्याचे पहिले संचालक झाले. काम साधेच: दुकानदाराकडे जायचे, पाटी कशी असावी, रंग कोणता द्यावा, पत्र्यामागची जुनी वीट कशी मोकळी करावी, हे पटवून द्यायचे. हुकूम नाही, सक्ती नाही. नुसते दारोदार हिंडणे.

१९७७ साली ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी झटणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने मेरी मीन्स यांच्या नेतृत्वाखाली तीन गावे प्रयोगासाठी निवडली. इलिनॉयमधील गेल्सबर्ग, जेथे १८५८ साली लिंकन आणि डग्लस यांचा एक वादविवाद रंगला होता. दक्षिण डाकोटातील हॉट स्प्रिंग्स हे उन्हाळ्यांचे, वालुकाश्मी इमारतींचे गाव. आणि इंडियानातील, ओहायो नदीकाठचे मॅडिसन. या मॅडिसनवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने ‘द टाउन’ नावाचा माहितीपट काढला होता, तो नमुनेदार अमेरिकन गाव जगाला दाखवावे म्हणून! अशा नमुन्याच्या गावाच्या पेठेलाही आधाराची गरज लागावी, यातच सारे आले.

या तिन्ही गावांना संस्थेने मोठा प्रकल्प दिला नाही. दिला तो एकेक पूर्ण वेळचा कारभारी. त्यामागचा विचार ऐकण्याजोगा आहे. मॉलचा धनी एक असतो. कोणते दुकान कोणाशेजारी असावे, ती किती वाजता उघडावीत, जाहिरात कशी करावी, झाडलोट कोणी करावी, हे सारे तो ठरवतो. पेठेला धनी शंभर, म्हणून मुळी एकही नाही. इमारतीचा मालक परगावी, भाडेकरू कंटाळलेला, बँक साशंक, नगरपालिका उदासीन. जो तो दुसऱ्याची वाट पाहतो, आणि तेवढ्यात आणखी एक कुलूप लागते. तेव्हा पेठेला उणीव होती ती विटांची नव्हे, समाईक काळजीवाहकाची होती. या अनुभवातून चार कलमे निघाली: संघटन, प्रचार, वास्तूंचे रूप आणि व्यापाराची फेरमांडणी. चारही एकदम, हळूहळू आणि स्थानिक माणसांच्या हातून. १९८० साली या कामासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन होऊन सहा राज्यांनी ही पद्धत स्वीकारली, आणि मग ती देशभर पसरली. करकायद्यानेही आता उलट दिशा धरली होती. १९७६ पासून जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सवलती मिळू लागल्या, आणि १९८६ च्या कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीखर्चावर २० टक्के करसूट ठरवली.

परंतु इतिहास सांगणाऱ्याने यशाचा तेवढा पोवाडा गाऊ नये. २००४ साली गेल्सबर्गचा मेटॅग शीतकपाटांचा कारखाना बंद होऊन काम मेक्सिकोत गेले, आणि सुमारे १,६०० माणसे बेकार झाली. रंगवलेली पेठ एवढ्या कुटुंबांची चूल पेटवू शकत नाही. उलट, जेथे पेठ फारच सावरते तेथे भाडी चढतात, आणि वाईट दिवसांत तग धरून राहिलेल्या जुन्या दुकानदारालाच गाळा सोडावा लागतो. मॅडिसनकडून मात्र एक गोष्ट शिकावी. रेल्वेच्या युगात ते मागे पडले, म्हणून पाडापाडीला तेथे फारसा पैसाच नव्हता. त्या गरिबीत जे शिल्लक राहिले, तेच पुढे त्याचे भांडवल ठरले. २००६ साली गावातील तब्बल १३३ चौकांचा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला.

शेवटी आपल्या घरी येऊ. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर आधी कौल द्यावा लागे. येणाऱ्या व्यापाऱ्याला काही वर्षे करमाफी मिळे, आणि पेठेवर शेटे-महाजन नेमले जात. त्या वतनदारीचे दोष होते, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण पेठ ही आपोआप उगवत नाही, ती कोणीतरी वसवावी आणि राखावी लागते, एवढे त्या काळच्या माणसाला ठाऊक होते. अमेरिकेला तेच पुन्हा शिकावे लागले, आणि शिकेपर्यंत पाडलेल्या इमारती काही परत आल्या नाहीत. आज घरी जाताना आपल्या पेठेतली बंद दारे मोजा. मग त्या प्रत्येकाचा मालक कोण, तो कोठे असतो, हे विचारा. उत्तर सांगणारा एकही माणूस गावात सापडला नाही, तर कामाला सुरुवात कोठून करायची ते आपल्याला कळलेच, असे समजा.